एकशे चौतिसावी पिशवी

मी एक जुने विकर आहे. जुने म्हणजे शंभर वर्षांचे नव्हे, मित्रांनो. आमच्यात तीन महिने झाले की म्हातारपण येते आणि चौथ्या महिन्यात कारभार आटोपतो. सध्या मी एका पांढऱ्या पट्टीला चिकटून, प्लास्टिकच्या पाकिटात, एका प्रयोगशाळेच्या खणात पडून आहे. मला आता काही करता येत नाही. आठवते मात्र सगळे, म्हणून सांगते.

विकर म्हणजे शरीराने स्वतःच घडवलेला कामकरी. तोंडातल्या लाळेत एक असते, ते भाकरीचा घास चावता चावता गोड करते. त्याचे नाव तुमच्या पुस्तकात आहे. माझे नाही. माझे पूर्ण नाव बिस्फॉस्फोग्लिसरेट म्युटेज. ते फळ्यावर लिहायला गेले तर गुरुजींचा खडू मोडेल, म्हणून राहू द्या. काम तेवढे सांगते.

रक्तातल्या तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन असते, हे तुम्ही शिकला आहात. ते फुप्फुसात प्राणवायू उचलते आणि अंगभर नेते. पण त्याची एक खोड कोणी सांगत नाही. उचललेले त्याला सोडवत नाही. गुडघा वाट पाहतो, मेंदू वाट पाहतो आणि हे आपले धरून बसते. एक बारीकसा पदार्थ त्याच्या मधोमध पाचरीसारखा जाऊन बसला, तरच त्याची मूठ सैल होते. तो पदार्थ पेशीतल्या साखरेपासून मी तयार करते. धरणाऱ्याला सोडायला लावायचे, एवढ्याच कामात माझे आयुष्य गेले.

माझा जन्म फेब्रुवारीत, गुलाबसिंगच्या कमरेच्या हाडात झाला. गुलाबसिंग हा किन्हीराजाजवळच्या तांड्यावरचा माणूस. दिवाळी झाली की बायकोला घेऊन तो ऊसतोडीला जाई आणि चैत्रात घरी येई. मी जन्मले तेव्हा तो घरापासून फार लांब, उसाच्या फडात होता. माझ्या पेशीने पक्की होताना आपले केंद्रक टाकून दिले. सगळ्याच तांबड्या पेशी तसे करतात. ज्यांच्यावरून नवे विकर घडवायचे, ते सगळे नमुने त्या केंद्रकात असतात. तेव्हा माझ्या जागी पुढे दुसरे कोणी येणार नव्हते. जे करायचे ते मलाच करायचे होते आणि आहे त्या दिवसांत करायचे होते.

आणि काम होते, मित्रांनो! डोक्यावर उसाची मोळी घेऊन गुलाबसिंग फळीवरून ट्रकवर चढे, तेव्हा त्याच्या मांड्या प्राणवायू मागत. आम्ही तिथे पोचत असू आणि हिमोग्लोबिन मूठ सोडत असे. फळी हलायची, तो हलत नसे. दिवसातून शंभर वेळा हे चाले. मला कोणी शाबासकी दिली नाही. पण वर पोचल्यावर तो मोळी टाकून एक लांब श्वास सोडायचा, त्या श्वासात माझा वाटा असे. माझे तेच सुखाचे दिवस होते. तेव्हा ते कळले नाही, याचे आता वाईट वाटते.

तुम्ही विचाराल, तुला हे सारे ऐकू कसे आले, दिसले कसे? अहो, रक्त कानाडोळ्यांतूनही फिरते. पुढे पिशवीत गेल्यावर मात्र ती सोय राहिली नाही. तिथे प्लास्टिकच्या भिंतीतून आले तेवढे ऐकले आणि उरलेले प्रयोगशाळेत माणसांच्या बोलण्यातून कळले.

एप्रिलची चौदा तारीख होती. गुलाबसिंग दोनच दिवसांपूर्वी ऊसतोडीहून परतला होता आणि काही कामासाठी मेडशीला आला होता. किन्हीराजाकडची गाडी यायची म्हणून तो फाट्यावर उभा होता. बाबासाहेबांची जयंती. रस्त्यापलीकडे निळा मांडव, पंचशीलाची झेंडी, गाणी. मांडवात रक्तदान शिबिर होते आणि दारावर मोठा फलक होता, ‘१३४ वी जयंती, १३४ पिशव्या’. फलकाखाली जमिनीवर निळ्या रांगोळीत तोच आकडा कोणीतरी फार सुरेख काढला होता.

हा आकडा संघपालच्या डोक्यातून निघाला होता. संघपाल जयंती समितीचा सचिव. एरवी तो एका आडत्याकडे सोयाबीनच्या काट्यावर बसतो, त्यामुळे आकडा पुरा झाल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. महिनाभर तो गावोगाव फिरला होता. मेडशी, आसेगाव, कुठेकुठे. दुपारी चारला एकशे तेहतीस पिशव्या झाल्या आणि घोडे अडले. यादीतले उरलेले एक गुरुजी तापाने पडले होते. संघपाल मांडवाबाहेर आला, फाट्यावर उभ्या असलेल्या गुलाबसिंगला त्याने पाहिले आणि थेट हात जोडले.

“भाऊ, एक पिशवी कमी पडून राह्यली. रक्त देता काय? बाबासायबाच्या नावानं.”

गुलाबसिंगने एकदा रस्त्याकडे पाहिले. “गाडीले टाइम हाये अजून. चला,” तो म्हणाला.

मांडवात रक्तपेढीची तंत्रज्ञ होती, रूपा. तिने गुलाबसिंगच्या बोटाला सुई टोचली आणि पांढऱ्या फरशीच्या लहान तुकड्यावर रक्ताचे थेंब ठेवून त्यांत वेगवेगळ्या बाटल्यांतले द्रव मिसळले. त्या द्रवांत प्रतिपिंड असतात. प्रतिपिंड म्हणजे ओळख पटवणारे. ज्याची ओळख त्यांना दिलेली असते त्यालाच ते पकडतात, दुसऱ्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. रूपाच्या बाटल्यांतले प्रतिपिंड पेशीच्या दारावरची पाटी वाचणारे होते. आत कोण काम करते, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते. एका थेंबात रक्ताच्या गुठळ्या झाल्या, दुसऱ्यात झाल्या नाहीत. रूपाने तो तुकडा हलवून पुन्हा पाहिला आणि सुई बाजूला ठेवली.

“भाऊ, तुमचा गट बी निगेटिव्ह हाये,” ती म्हणाली. “शंभरात एखाद-दोघाचा असते. आज नका देऊ. असल्या दोन पिशव्या हायेत फ्रीजमंदी. तुमचा नंबर लिहून घेते, गरज पडली का फोन करते. तवा या. तुमच्या अंगात ते ताजं राहीन.”

संघपालचा चेहरा उतरला. “ताई, एकशे तेहतीस झाले. एकासाठी अटकलं सारं. तुमी काहून मोडता घालून राह्यल्या?”

“मोडता नाही, दादा. एप्रिलमंदी तुमी फ्रीज भरून टाकता अन् मे महिन्यात आमी दारोदार फिरतो. मागच्या खेपेलेही तुमाले म्हटलं होतं, का नावं द्या, महिन्या-महिन्याले बोलावते.”

“ते पाहू ना मंग. आज आकडा होऊ द्या. लोक थांबून राह्यले.”

रूपाने गुलाबसिंगकडे पाहिले. त्याला या वादात काही गम्य नव्हते. त्याने बाही वर केली होती. “घ्या ना बाई,” तो म्हणाला. “रक्त काय, पुन्हा होते.”

रूपाने घेतले. मित्रांनो, तिने तेव्हा अडून बसायला हवे होते, असे ती पुढे अनेकदा म्हणाली. पण मांडवभर लोक उभे होते, दिवस सणाचा होता, आणि देणाऱ्याला नको म्हणणे किती अवघड असते ते नको म्हणून पाहिल्याशिवाय कळत नाही. सुई शिरली आणि मी नळीतून पिशवीत आले. बाहेर टाळ्या वाजल्या. कोणीतरी ओरडले, “झाले! एकशे चौतीस!” गुलाबसिंगला बुंदीचा पुडा दिला, संघपालने त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला.

एका मुलीचा आवाज मला आठवतो. “दादा, माह्यी रांगोळी फोटोत येऊ दे. माह्यं रक्त तर तुमी घेत नाही. आकडा तरी म्या काढला.”

ती संघपालची धाकटी बहीण सरिता होती. एकोणीस वर्षांची. तिला सिकलसेलचा आजार होता. त्यात तांबड्या पेशी प्राणवायू सोडला की वाकतात, विळ्यासारख्या होतात, अडकतात, लवकर मरतात. सरकारी दवाखान्यातून तिला लाल कार्ड मिळाले होते. कार्डावर तिचा रक्तगटही लिहिलेला होता. पण तोवर तिला रक्त चढवायची वेळ कधी आली नव्हती, आणि कार्ड पेटीत कपड्यांखाली ठेवलेले होते. आकड्यासाठी महिनाभर फिरलेल्या संघपालने ते एकदा उघडून पाहिले असते तर बरे झाले असते.

मग सुरू झाले रक्तपेढीतले दिवस. आमच्यातले पिवळे पाणी वेगळे काढले आणि पेशी तेवढ्या पिशवीत ठेवल्या. वर चिठ्ठी लागली. गट, घेतल्याची तारीख चौदा एप्रिल, शेवटची तारीख सव्वीस मे. दार बंद झाले. आत थंडी आणि अंधार. जयंतीच्या इतक्या पिशव्या आल्या होत्या की फ्रीजच्या जाळीवर त्या एकीला एक खेटून उभ्या होत्या.

पहिले काही दिवस मी वाट पाहिली. साखर दिलेली होती, पण थंडीत काम पुढे सरकत नव्हते. साखरेचे आंबट होत गेले आणि तो आंबटपणा पिशवीतच साठत राहिला. इथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे. वातावरण असे आंबट झाले की माझे काम थांबते एवढेच नाही, ते उलटे फिरते. मूठ सैल करणारा जो पदार्थ मी दोन महिने जमवला होता, तो मीच मोडू लागले. कोणी सांगितले नाही, कोणी मारून मुटकून करायला लावले नाही. माझी घडणच तशी आहे. दोन आठवडे उलटले तेव्हा माझ्या पेशीत तो पदार्थ नावालाही उरला नव्हता. हिमोग्लोबिन होते तसे होते, तांबडे, धडधाकट. बाहेरून पाहणाऱ्याला पिशवी चांगलीच दिसत होती.

रूपा रोज दार उघडून तारखा पाही. आधीच्या दोन बी निगेटिव्ह पिशव्या एका बाळंतिणीला लागल्या आणि गेल्या. त्या गटाची माझी एकटीच पिशवी उरली. बाकीच्या गटांच्या जयंतीच्या पिशव्या भराभर लागेनात, कारण सगळ्यांची गरज काही एकाच महिन्यात पडत नाही. त्यांतल्या एकतीस पिशव्या पुढे मुदत संपून पिवळ्या पोत्यात गेल्या.

मे महिन्यात सरिता एका लग्नाला गेली. टेम्पोत पत्र्याखाली चार तास, पाणी प्यायली नाही, कारण वाटेत उतरायची लाज. परतल्यावर ताप चढला, हाडे ठणकू लागली. दोन दिवस घरी काढले. तिसऱ्या दिवशी, बावीस मेला, तिला जिल्ह्याच्या गावी दवाखान्यात आणले तेव्हा हिमोग्लोबिन चारवर उतरले होते आणि धाप लागत होती. डॉक्टरांनी दोन पिशव्या मागितल्या. आई भागिरथाबाईने पदराच्या गाठीतून लाल कार्ड काढून दिले. संघपालने ते तेव्हा वाचले. बी निगेटिव्ह.

तो रक्तपेढीच्या खिडकीशी आला. रूपाने त्याला ओळखले, त्यानेही तिला ओळखले.

“एकच पिशवी हाये, दादा,” ती म्हणाली. “तुमच्या शिबिरातली. अडतीस दिवसांची.”

“जुनी झाली काय?”

“मुदतीत हाये. चालते. पण एवढ्या आजाऱ्याले ताजी असती तर मले बरं वाटलं असतं. दुसरी अकोल्याहून मागवली, ती उद्या दुपारशिवाय येत नाही.”

“अन् तो माणूस? फाट्यावरचा?”

नंबर तिने लिहून ठेवला होताच. फोन केला. गुलाबसिंग तासाभरात कोणाच्या तरी मोटरसायकलवर बसून, डोक्याला रुमाल बांधून, उन्हातून आला. आल्या आल्या खुर्चीत बसला आणि बाही वर केली.

“भाऊ, तीन महिने झाल्याबिगर नाही घेता येत,” रूपा म्हणाली. “अडतीसच दिवस झाले.”

“तो हात होता बाई. ह्या हातातून घ्या ना.”

रूपाला हसू आले नाही. तिने तरी त्याचे हिमोग्लोबिन तपासले. ते अजून भरून आलेले नव्हते. “नाही होत, भाऊ. तुमालेच चक्कर येईन.”

गुलाबसिंग बाही तशीच वर ठेवून बसला. मग संघपालकडे वळून म्हणाला, “त्या दिवशी बाई म्हणत होती ना, का आज नका देऊ.” त्यात टोमणा नव्हता. त्याला फक्त आठवले होते. संघपाल भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. माझी पिशवी तेव्हा रूपाच्या हातात होती आणि तिच्या हाताची ऊब आत येत होती. अडतीस दिवसांनी मला ऊब लागली होती, आणि मला भीती वाटत होती.

संध्याकाळी पाच वाजता आम्ही सरिताच्या शरीरात शिरलो. तिच्या पेशी आजूबाजूला वाकलेल्या, अडकलेल्या होत्या. त्यांच्यातही माझीच भावंडे होती आणि ती नको तितके काम करत होती. सिकलच्या पेशीने प्राणवायू लवकर सोडला की ती लवकर वाकते. त्या पेशींत जो पदार्थ उतू जात होता, त्याचा माझ्याकडे कण नव्हता. आम्ही फुप्फुसात गेलो. आमच्या हिमोग्लोबिनने प्राणवायू उचलला, चांगला भरभरून उचलला. बोटाला लावलेल्या यंत्रावर आकडा वर चढला आणि भागिरथाबाईने हात जोडले.

“आकडा वाढला गं माय,” ती म्हणाली.

पण गुडघ्याशी आम्ही गेलो, मेंदूशी गेलो, थकलेल्या हृदयाच्या भिंतीशी गेलो, आणि हिमोग्लोबिनने मूठ सोडली नाही. सोडले ते थोडेसेच. मी कामाला लागले होते, मित्रांनो. साखर होती, ऊब होती, आंबटपणा गेला होता. जीव तोडून काम करत होते. पण रिकामी झालेली पेशी पुन्हा भरायला मला एक-दोन दिवस लागतात. ज्याला धाप लागली आहे त्याच्यापाशी तेवढे दिवस असतातच असे नाही.

संघपाल खाटेशी बसला होता. सरिताला थोडी हुशारी वाटली तेव्हा तिने सलाईनच्या दांडीवर टांगलेल्या, रिकाम्या होत आलेल्या पिशवीकडे पाहिले. चिठ्ठीवरची तारीख तिने वाचली.

“जयंतीचीच हाये ना रे दादा?”

“हो.”

“कितवी?”

संघपालला खोटे बोलता आले असते. “शेवटची,” तो म्हणाला.

ती दमून हसली. “पाह्य बाप्पा. रांगोळीतला आकडा माह्याच अंगात आला.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “कायले रडून राह्यला? म्या कुठं काय म्हटलं तुले?”

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता रूपाने तपासणीसाठी सरिताच्या दंडातून थोडे रक्त काढले. जुन्या पिशवीतले रक्त शरीरात गेल्यावर कसे वागते, याचा अभ्यास एका शहरातल्या प्रयोगशाळेत चालू होता. रूपा तिथे नमुने पाठवीत असे. सरिताने कागदावर सही केली होती. ते रक्त एका बारक्या नळीत गेले आणि त्या नळीत मी होते.

मी निघाले तेव्हा माझी पेशी निम्मी भरत आली होती. हिमोग्लोबिनची मूठ सैल होऊ लागली होती. अजून एक दिवस मिळाला असता तर, हे मी मनाशी किती वेळा म्हटले त्याला गणती नाही. सरिता अकरा वाजता गेली. अकोल्याची पिशवी साडेबाराला पोचली.

मी वाचवू शकले असते का? मला माहीत नाही. फार उशीर झाला होता, आजार मोठा होता, तिला दवाखान्यात आणायला दोन दिवस लागले होते. पण ज्याला कामासाठीच घडवले आणि ऐनवेळी काम जमले नाही, त्याला हे कारण पुरत नाही.

प्रयोगशाळेत प्रसेनजित नावाचा संशोधक होता, मूळचा आसेगावचा. त्याने पेशी फोडली, आम्हाला साबणासारख्या द्रवात घालून उकळले. विकराच्या अंगाला घड्या असतात, त्या घड्यांवरच त्याचे काम चालते. उकळल्यावर त्या उलगडल्या आणि मी एक सरळ धागा झाले. आता मला काही घडवता येणार नव्हते, मोडताही येणार नव्हते. मग विजेच्या ओढीने लहानमोठ्यांची निवड झाली आणि आपापल्या जागी आम्ही या पांढऱ्या पट्टीवर येऊन चिकटलो.

त्यानंतर त्याने पट्टीवर प्रतिपिंड सोडला. हा दारावरची पाटी वाचणारा नव्हता. याला माझीच ओळख दिलेली होती. शेकडो जणांना ओलांडून तो सरळ माझ्यापाशी आला आणि मला धरले. आयुष्यभर माझे नाव कोणी घेतले नव्हते. ते घेणारा भेटला तेव्हा मी कामातून गेलेले होते. पट्टीवर माझ्या जागी एक काळी रेघ उमटली, चांगली ठळक.

जूनमध्ये संघपाल तिथे आला. रूपाकडून पत्ता घेऊन आला होता. दाढी वाढली होती. प्रसेनजितने त्याला बसवले, पाणी दिले, हिमोग्लोबिनची मूठ सैल करणाऱ्या विकराचे काम समजावले आणि पट्टी दाखवली.

“ही रेघ त्या विकराची हाये, दादा.”

“तिच्या अंगातलं?”

“तिच्या अंगातून आलेलं. तिच्या रक्तातून दोघांच्या पेशी वेगळ्या काढल्या. ही तिच्या सोताच्या पेशींची रेघ, अन् ही पिशवीतून आलेल्या त्या भाऊच्या पेशींची. त्याची रेघ दाट हाये. म्हंजे विकर होतं. पुरेपूर होतं.”

“होतं तर मंग काम काहून नाही केलं त्यानं?”

प्रसेनजितने पट्टी टेबलावर ठेवली. “प्रतिपिंड तेवढं नाही सांगत. हाये का नाही, किती हाये, एवढंच सांगते. काम करत होतं का नाही, हे त्याले समजत नाही.”

संघपाल रेघेकडे बघत राहिला. “आमीही तेवढंच मोजलं,” तो म्हणाला. “एकशे चौतीस.” मग त्याने विचारले, “ताजी असती तर वाचली असती काय रे?”

“ते मले नाही सांगता येत, दादा. कोणालेच नाही सांगता येत.”

तो उठला आणि गेला. त्याने काही फोडले नाही, कोणाला शिवी दिली नाही. त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरे, असे प्रसेनजितलाही वाटले असावे, कारण तो बराच वेळ दिवा न लावता बसून राहिला.

यापुढचे मी पाहिलेले नाही. रूपा फोनवर प्रसेनजितला सांगत होती, तेव्हा ऐकले.

जुलैच्या चौदा तारखेला संघपाल रक्तपेढीत आला. त्याने एक वही आणली होती. जयंतीला रक्त दिलेल्या सगळ्यांच्या घरी तो पुन्हा गेला होता आणि कोण कोणत्या महिन्यात येईल, ते विचारून लिहून आणले होते. मे महिन्याच्या पानावर पहिले नाव त्याचे स्वतःचे होते. तो रूपाला वही दाखवत असतानाच दारात गुलाबसिंग उभा राहिला. धुतलेला सदरा घातलेला, हातात पिशवी, पिशवीत बायकोने दिलेली भाकर. मे महिन्यात पुढे काय झाले, ते त्याला कोणी कळवले नव्हते. फोनवरून आला त्याच संध्याकाळी तो आपल्या तांड्यावर परत गेला होता आणि दिवस मोजत राहिला होता.

“तीन महिने झाले, बाई,” तो म्हणाला आणि खुर्चीत बसून त्याने बाही वर केली. मग संघपाल दिसला तसा त्याचा चेहरा खुलला. “अरे, तुमी बी हायेच. कशी हाये ती पोरगी?”

संघपाल उठला, गुलाबसिंगच्या पुढ्यात जमिनीवर बसला आणि त्याची वर केलेली बाही त्याने हळूहळू खाली ओढली.

“नाही राह्यली, भाऊ.”

गुलाबसिंगने आपल्या हाताकडे पाहिले. नंतर म्हणाला, “मंग दुसऱ्या कोणाले लागत असंन.”

“आज नाही लागत,” रूपा कशीबशी म्हणाली. “लागलं का बोलावते.”

संघपालने वही उघडली आणि गुलाबसिंगचे नाव लिहिले. त्या नावापुढे त्याने महिना लिहिला नाही. रूपाने विचारले तेव्हा म्हणाला, “ज्या दिवशी लागंन, त्या दिवशी.”

मित्रांनो, माझी गोष्ट इथे संपते. या पट्टीवरची रेघही दिवसेंदिवस फिकी होत चालली आहे. तुमच्या अंगात माझी कितीतरी भावंडे या घटकेला कामावर आहेत. तुम्ही जिना चढता, पळता, रडता, तेव्हा ती कोणाला तरी सोडायला लावत असतात. ती तिथे ताजी असतात. तुम्ही मोठे व्हाल आणि रक्त द्याल, तेव्हा जरूर द्या, आनंदाने द्या. पण रक्तपेढीतली ताई म्हणाली की आज नको, तर तिचे ऐका. आपला गट कोणता आणि घरातल्यांचा कोणता, ते पेटीत कपड्यांखाली ठेवू नका. आणि एखाद्या दुपारी, कसलाही सण नसताना, टाळ्या वाजवायला कोणी नसताना तुम्हाला फोन येईल. त्या दिवशी गाडी चुकली तरी चालेल, पण या.